खजिना भरलेला, तरी बिल थकलेले! सरकारी तिजोरीचा इतिहास आणि छोट्या धंदेवाल्याचा हिशेब

मार्च महिना संपत आला होता. तालुक्याच्या गावी गाद्या-उशा भरण्याचा पिढीजात धंदा करणारे एक चाचा आमच्याकडे आले. ऑगस्टमध्ये त्यांनी एका सरकारी वसतिगृहाला दोनशे गाद्या पुरविल्या होत्या. दर १,२०० रुपये, एकूण बिल २ लाख ४० हजार रुपये. गाद्या पोचल्या, मोजून घेतल्या गेल्या, मुले त्यांवर झोपूही लागली. पण सात महिने होत आले तरी पैशाचा पत्ता नव्हता. रुईवाल्याचा भाव रोखीला एक आणि उधारीला एक. उधारीपायी चाचांना १५ हजार रुपये जादा मोजावे लागले. गादीमागे शंभर रुपये, म्हणजे एकूण २० हजार रुपये सुटतील असा त्यांचा अंदाज होता. हातात उरले ५ हजार.

चाचांचा प्रश्न सरळ होता. "तुम्ही पेपरवाले, तुम्हीच सांगा. टॅक्स घेणारे सरकार, नोटा छापायचे मशीन सरकारचे. मग माझ्या अडीच लाखांसाठी ट्रेझरीत पैसे नाहीत, हे कसे?"

प्रश्न एकट्या चाचांचा नाही. शाळेला बाके पुरविणारा सुतार, दवाखान्याला जेवण देणारा ठेकेदार, रस्त्याची खडी टाकणारा ट्रकवाला, सगळ्यांचा आहे. म्हणून या आठवड्यात आम्ही ठरविले की, सरकारी खजिना म्हणजे नेमके काय, तो आजच्या रूपाला कसा आला आणि व्यापाऱ्याच्या गल्ल्याशी त्याचे नाते काय, हे मुळापासून पाहावे.

शब्द ओळखीचे, घर अनोळखी

खजिना हा शब्द अरबी. जमा, वसूल, बाकी, महसूल, तहसील, रक्कम हे शब्दही मूळचे अरबीच. फारसीच्या वाटेने ते मराठीत आले आणि इतके मुरले की परके वाटत नाहीत. रोकड सांभाळणारा पोतदार आणि रोकडीचा हिशेब लिहिणारा पोतनीस ही एके काळची पदे. आज ती आडनावे होऊन आपल्या शेजारी राहतात.

खजिन्याची चिंता मात्र या शब्दांपेक्षाही जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोश हे राज्याच्या सात अंगांपैकी एक मानले आहे आणि सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकारही मोजून दिले आहेत. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात बैतुलमालमधून कोणाला किती द्यायचे याची नोंदवही सुरू झाली, तिचे नाव दिवाण. पुढे हाच शब्द कचेरीला आणि कारभाऱ्यालाही लागू झाला. तिजोरीला कुलूप घालण्याइतकेच तिची वही लिहिणे महत्त्वाचे, हे तेव्हाच्या लोकांनाही कळले होते.

मोगल काळात अकबराच्या दरबारी राजा तोडरमल यांनी १५८० मध्ये दहसाला पद्धत आणली. दहा वर्षांचे पीक आणि भाव यांची सरासरी काढून त्यावर सारा ठरू लागला. शेतकऱ्याला आपले देणे आधी कळू लागले आणि बादशहाला आपली जमा. पण ही जमा चांदीच्या रुपयांत होती, आणि बैलगाड्या व उंटांवर लादून ती दूर नेणे धोक्याचे होते. म्हणून सराफांच्या हुंड्या उपयोगी पडल्या. बंगालचा वसूल दिल्लीला पाठविण्याचे काम मुर्शिदाबादच्या जगत्‌शेठ घराण्याची पेढी हुंडीने करीत असे. म्हणजे त्या काळातही सरकारचा खजिना आणि बाजारातील पेढी यांचे हात एकमेकांत गुंतलेले होते. बाजार ठप्प झाला तर वसूल थांबे, आणि खजिन्याने पैसा दाबून ठेवला तर बाजार ठप्प होई.

कर इथला, माल तिकडे

हे नाते पहिल्यांदा मुळातून बिघडले ते १७६५ मध्ये. त्या वर्षी बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा अधिकार, ईस्ट इंडिया कंपनीला मिळाला. तोवर कंपनी इथले कापड व रेशीम घ्यायला बाहेरून चांदी आणत होती. आता तिने इथल्याच करातून माल विकत घेऊन तो विलायतेला पाठवायला सुरुवात केली. विणकराला किंमत मिळत असे, पण ती त्याच्याच भाऊबंदांनी भरलेल्या करातून! देशात त्या मालाबदल्यात काहीच येत नव्हते.

१७७० मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. प्रांतातील एक तृतीयांश माणसे गेली असा अंदाज खुद्द वॉरन हेस्टिंग्ज यांनी दिला. त्यांनीच १७७२ मध्ये कंपनीच्या संचालकांना कळविले की, इतकी माणसे मरूनही १७७१ चा निव्वळ वसूल १७६८ पेक्षा जास्त झाला. त्याच वर्षी महसुलाची मुख्य कचेरी मुर्शिदाबादहून कलकत्त्याला हलविण्यात आली.

खजिना भरला होता आणि मुलूख ओस पडला होता. तिजोरीतील आकड्यावरून देशाची प्रकृती कळत नाही, याचे याहून कठोर उदाहरण आम्हाला माहीत नाही. पुढे दादाभाई नौरोजी यांनी आयुष्यभर आकडे जमवून हीच गोष्ट मांडली. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात देशातून वाहून जाणाऱ्या या संपत्तीचा हिशेब आहे.

१८५७ नंतर राज्य कंपनीकडून राणीकडे गेले. बंडाच्या खर्चाने खजिना कर्जात बुडाला होता. तो सावरायला जेम्स विल्सन हे अर्थतज्ज्ञ पाठविण्यात आले. १८६० मध्ये त्यांनी इथला पहिला अर्थसंकल्प मांडला आणि प्राप्तिकरही आणला. काही महिन्यांतच कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. पण वर्षाच्या सुरुवातीला जमा-खर्चाचा अंदाज मांडायचा, ही रीत राहिली. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकारही सरकारने स्वतःकडे घेतला.

मुंबईचा कापूस आणि कुलूपबंद तिजोरी

आता आपल्या मुंबईकडे येऊ. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे तेव्हा सरकारी भागभांडवल असलेल्या तीन इलाखा बँका होत्या. १८६२ पासून सरकारने आपली शिल्लक या बँकांत ठेवायला सुरुवात केली. याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस विलायतेला जाणे बंद पडले होते आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पैसा इतका आला की, समुद्र बुजविण्याच्या कंपन्यांचे शेअर अनेक पटींनी चढले. बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण घेऊन सैल हाताने कर्जे वाटली. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअर कागदाच्या किमतीचे झाले आणि १८६८ मध्ये बँकच गुंडाळावी लागली. त्याच नावाची नवी बँक उभी राहिली, पण सरकारच्या मनातील धास्ती गेली नाही. गरज लागेल तेव्हा बँकेकडून आपलीच रक्कम तात्काळ मिळेल याचा भरवसा उरला नाही.

म्हणून १८७६ मध्ये सरकारने दुसरे टोक गाठले. बँकांत थोडी शिल्लक ठेवायची आणि बाकी सारी रक्कम कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील स्वतःच्या राखीव खजिन्यांत कुलूपबंद करायची, असे ठरले.

पैसा सुरक्षित झाला. मात्र व्यापाऱ्याचे हाल सुरू झाले. दिवाळीनंतर कापूस बाजारात येतो. जिनवाला, दलाल, अडत्या, सगळ्यांना त्याच वेळी रोकड लागते. आणि नेमक्या त्याच महिन्यांत शेतसाऱ्याचे हप्ते वसूल होऊन रुपया गावोगावच्या तिजोऱ्यांत व तिथून राखीव खजिन्यात जाई. बाजारात पैशाची मागणी वाढते तेव्हाच सरकार बाजारातून पैसा उचलून कोंडून ठेवी. एरवी तीन-चार टक्क्यांवर असलेला बँकेचा दर सुगीत आठ टक्क्यांपर्यंत चढे. पावसाळ्यात बाजार सुस्त झाला की, सरकारी खर्चाचा पैसा बाहेर येई, तेव्हा त्याला गिऱ्हाईक नसे.

जॉन मेनार्ड केन्स या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रज्ञाचे पहिले पुस्तक याच विषयावर आहे. १९१३ मध्ये निघालेल्या, भारताच्या चलनावरील त्या पुस्तकात त्याने या कोंडून ठेवलेल्या शिलकीवर टीका केली आहे. अखेर १९२१ मध्ये तिन्ही इलाखा बँका एक करून इम्पीरियल बँक स्थापन झाली, सरकारी शिल्लक तिच्याकडे आली आणि राखीव खजिने बंद झाले. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली आणि सरकारची बँक हे काम तिच्याकडे गेले. इम्पीरियल बँकेची १९५५ मध्ये स्टेट बँक झाली. जिथे रिझर्व्ह बँकेची कचेरी नाही, तिथे स्टेट बँक व इतर नेमलेल्या बँका तिच्या वतीने सरकारी पैशाची देवघेव करतात.

म्हणूनच आज जिल्हा कोषागारात गेलात तर तिथे नोटांच्या थप्प्या दिसणार नाहीत. तिथे बिले तपासली जातात, मंजूर होतात आणि पैसा बँकेतून निघतो. चाचा ज्याला ट्रेझरी म्हणतात, ते आज मुख्यतः वहीचे घर आहे.

एक खजिना, तीन कप्पे

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि खजिना कोणाचा, या जुन्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात लिहिले गेले. केंद्राच्या व प्रत्येक राज्याच्या पैशाचे तीन कप्पे आहेत.

पहिला कप्पा एकत्रित निधीचा. काही पुस्तकांत याला संचित निधी म्हणतात. सर्व कर, सरकारने काढलेली सर्व कर्जे आणि परत आलेली येणी यात जमा होतात. यातून एक रुपया काढायचा तरी संसदेची किंवा विधिमंडळाची कायद्याने मंजुरी लागते. अर्थसंकल्पानंतर जे विनियोजन विधेयक मंजूर होते, ती या कप्प्याची चावी. पंतप्रधान असोत वा मुख्यमंत्री, मंजुरीवाचून त्यांना यातून खर्च करता येत नाही.

दुसरा कप्पा आकस्मिकता निधीचा. पूर, भूकंप, साथ अशा वेळी सभागृहाची वाट न पाहता यातून पैसा काढता येतो. नंतर मंजुरी घेऊन तो पुन्हा भरायचा असतो. केंद्राचा हा निधी ५०० कोटी रुपयांचा होता. महामारीचा अनुभव घेतल्यावर २०२१ मध्ये तो ३० हजार कोटी रुपये करण्यात आला. इथे एक जुनी गोष्ट आठवते. दख्खनच्या १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर लॉर्ड लिटन यांच्या सरकारने दुष्काळ विम्यासाठी वर्षाला दीड कोटी रुपये बाजूला ठेवण्याचे ठरविले, त्यासाठी नवे करही बसविले. पण अफगाण युद्ध सुरू होताच तो पैसा तिकडे वळला. कप्प्याला कायद्याचे कुलूप नसले की असे होते.

तिसरा कप्पा लोकलेख्याचा. कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, अल्पबचत, ठेकेदारांच्या अनामत रकमा यांत येतात. हा पैसा सरकारचा नव्हेच, सरकारकडे अमानत म्हणून आहे. तो ज्याचा त्याला परत करायचा असतो.

आणि या तिन्ही कप्प्यांवर नजर ठेवायला नियंत्रक व महालेखापरीक्षक आहेत. त्यांना मंत्रिमंडळ आपल्या मर्जीने दूर करू शकत नाही. त्यांचे अहवाल सभागृहापुढे येतात आणि लोकलेखा समिती त्यांवर अधिकाऱ्यांची झडती घेते.

नोटा छापायचे मशीन

आता चाचांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे वळू. मशीन आहे, मग छापा की नोटा!

हे खरोखरच झालेले आहे, आणि बेचाळीस वर्षे होत होते. १९५५ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक व्यवस्था ठरली. सरकारची बँकेतील शिल्लक ठराविक पातळीखाली, म्हणजे शुक्रवारी ५० कोटी रुपयांखाली गेली की, रिझर्व्ह बँकेने आपोआप तात्पुरत्या सरकारी हुंड्या, ज्यांना ॲड-हॉक ट्रेझरी बिले म्हणत, घ्यायच्या आणि सरकारच्या खात्यात तेवढी रक्कम टाकायची. हेतू चार दिवसांची अडचण भागविण्याचा होता. पण जुनी हुंडी फेडायला नवी हुंडी, अशी ती पुढे चालत राहिली आणि तात्पुरते कायमचे झाले. १९७४ पासून या हुंड्यांचा दर ४.६ टक्के इतका कमी बांधून ठेवलेला होता. इतका स्वस्त पैसा हाताशी असल्यावर कोणते सरकार हात आखडेल?

अशा पैशाने माल वाढत नाही. तेवढ्याच मालाच्या मागे जास्त रुपये धावतात. ऑगस्ट १९९१ मध्ये घाऊक किमतींची महागाई १७ टक्क्यांच्या आसपास पोचली होती. नोटा छापून चाचांचे बिल दुसऱ्या दिवशी चुकते केले तरी रुई, कापड आणि दोरा महागला असता आणि पुढच्या वर्षीच्या गादीत तोच तोटा लपून आला असता. महागाई हा असा कर आहे की, त्याला सभागृहाची मंजुरी लागत नाही आणि त्याची पावतीही मिळत नाही. तो सर्वांत जास्त भरतो तो रोजंदारीवरचा माणूस.

सप्टेंबर १९९४ मध्ये अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग आणि गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या काळात ही पद्धत तीन वर्षांत बंद करण्याचा करार झाला. १ एप्रिल १९९७ पासून तिच्या जागी मर्यादित उसनवारी आली. आता मर्यादा असते, मुदत असते आणि व्याजही द्यावे लागते. २००३ चा वित्तीय जबाबदारीचा कायदा झाला आणि एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सरकारचे कर्जरोखे थेट सरकारकडून घेणेही सर्वसाधारणपणे बंद झाले. मशीन आहे, पण त्याची चावी सरकारच्या खिशात राहिलेली नाही, आणि ते आपल्या भल्याचेच आहे.

सोने विमानात चढले तेव्हा

अनेकांना वाटते, देशाकडे सोने आहे, मग काळजी कसली? १९९१ ने याचेही उत्तर दिले. परकीय चलनाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांची आयात भागेल इतका उरला होता. मे १९९१ मध्ये सरकारकडे जप्तीतून जमलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत, परत घेण्याच्या अटीवर, स्वित्झर्लंडच्या बँकेला विकण्यात आले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण पडले. त्यातून सुमारे ४० कोटी डॉलर मिळाले. देशात हळहळ झाली, पण त्यामुळे एकही हप्ता चुकला नाही.

पुढे ते सोने सोडविले गेले. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले आणि २०२४ मध्ये विलायतेत ठेवलेले सुमारे १०० टन सोने मायदेशी आणले. गेलेली लाज परत आली असे लोक म्हणाले. आम्ही एवढेच म्हणू की, त्या वर्षी आपल्याला तारले ते सोन्याबरोबरच वेळेवर देणे चुकविण्याच्या नावाने. व्यापारात जिला पत म्हणतात, तीच खजिन्याची खरी पुंजी. ती बाहेरच्या सावकारापाशी जशी जपली, तशी घरच्या गादीवाल्यापाशी का जपली जात नाही, असा प्रश्न चाचा विचारू शकतात.

मग बिल का थकते?

कारणे तीन आहेत आणि तिन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले, येणाऱ्या पैशाला आधीच वाटा फुटलेल्या असतात. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजात एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटी रुपये होता आणि त्यातील १२ लाख ७६ हजार कोटी रुपये नुसत्या व्याजाचे. म्हणजे खर्चाच्या दर चार रुपयांतील एक रुपया जुन्या कर्जाच्या व्याजात, मुद्दल वेगळेच! हे व्याज एकत्रित निधीवर भारित असते, त्यावर सभागृहात मतदानही होत नाही. पगार, पेन्शन आणि व्याज थांबविता येत नाही. थांबविता येते ते ठेकेदाराचे आणि पुरवठादाराचे बिल.

दुसरे, राज्याची रोजची रोकड. रिझर्व्ह बँक राज्यांना ठराविक मर्यादेपर्यंत उसने देते. त्यापलीकडे गेले की ओव्हरड्राफ्ट. तो साधारणतः सलग १४ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहिला तर रिझर्व्ह बँक त्या राज्याची देणी चुकती करणे थांबवू शकते. म्हणून अडचणीच्या महिन्यांत वित्त विभाग वरूनच हात आखडता घेतो. आणि गंमत अशी की, दुसरीकडे पैसा पडूनही असतो. योजनांचा निधी निरनिराळ्या यंत्रणांच्या बँक खात्यांत महिनोन्‌महिने झोपून राहतो आणि सरकार मात्र व्याजाने कर्ज काढत असते. हे थांबावे म्हणून केंद्राने २०२१ मध्ये केंद्रपुरस्कृत योजनांसाठी प्रत्येक राज्यात दर योजनेला एकच मुख्य खाते सक्तीचे केले. १८७६ च्या राखीव खजिन्याचाच हा नवा अवतार होता. पैसा होता, पण जिथे हवा तिथे नव्हता.

तिसरे कारण कागदाचे. खात्याला वर्षभराची तरतूद मंजूर असते, पण ती हप्त्याहप्त्याने वितरित होते. वितरण झाल्याशिवाय कोषागार बिल घेत नाही. शिवाय ३१ मार्चला न वापरलेली तरतूद रद्द होते. म्हणून वर्षभर कोरडे आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पूर! त्या घाईत लेखाशीर्ष चुकले, सही राहिली, पावती जोडली नाही, की आक्षेप लागून बिल परत येते आणि पुढच्या वर्षाच्या तरतुदीत जाऊन पडते.

चाचांनी काय पाहावे?

आम्ही चाचांबरोबर त्यांचे कागद पाहिले. पुरवठा आदेशावर लेखाशीर्ष होते, पण ऑगस्टमध्ये त्या शीर्षाखाली खात्याकडे वितरित रक्कमच नव्हती. आदेश आधी निघाला आणि पैसा नंतर येईल या भरवशावर गाद्या घेतल्या गेल्या. वितरण मार्चमध्ये झाले.

यावरून आमच्या वाचकांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक, सरकारी मागणी घेताना दर ठरविण्याआधी विचारा की, तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे आणि ती वितरित झाली आहे का. महाराष्ट्रात बीम्स या संगणक प्रणालीतून खात्यांना तरतूद वितरित होते, त्यामुळे बिले काढणाऱ्या अधिकाऱ्याला हे ठाऊक असते. विचारण्यात गैर काही नाही.

दोन, माल पोचल्याची तारखेसह पोच घ्या. बिल कोषागारात गेले की त्याचा टोकन क्रमांक घ्या. आक्षेप लागला असेल तर तो लेखी मागा. "आज नाही, उद्या या" या वाक्याला तारीख नसते, टोकनला असते.

तीन, तुम्ही माल तयार करणारे किंवा सेवा देणारे लहान उद्योजक असाल तर उद्यम नोंदणी करून घ्या. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योजकाचा पैसा माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत द्यावा लागतो; उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. व्याज घ्यावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण सुविधा परिषदेकडे अर्ज करून मुद्दल मागण्याचा हक्क सर्वांना आहे आणि सरकारी खातेही त्यातून सुटत नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळत असली तरी तिचा लाभ बँकेच्या कर्जापुरता आहे, थकबाकीच्या तक्रारीला नाही. प्राप्तिकराचा जो नवा नियम २०२४ पासून गाजला, वेळेत पैसे न देणाऱ्याला तो खर्च वजा मिळत नाही, तो खाजगी गिऱ्हाइकाला चिमटा काढतो. सरकारी खाते प्राप्तिकर भरत नाही, त्याला त्याची झळ नाही.

चार, सरकारी मागणीत आपल्या भांडवलाचा किती हिस्सा घालायचा याची हद्द स्वतः ठरवा. सहा महिने पैसा आला नाही तरी दुकान चालेल इतकाच.

आणि सरकारलाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. जीएसटी नोंदणी असलेला व्यापारी बिल काढतो तेव्हा पैसा हाती येवो न येवो, त्याला कर मुदतीत भरावा लागतो. एक दिवस चुकला तर दंड व व्याज. घेताना जो खजिना घड्याळ पाहतो, त्याने देतानाही तेच घड्याळ पाहावे. वितरित रक्कम हाती नसताना पुरवठा आदेश काढणे म्हणजे गरिबाकडून बिनव्याजी, बिनमंजुरीचे कर्ज काढणेच आहे. घटनेप्रमाणे कर्ज काढायचे तर कायद्याच्या चौकटीत. मग हे गादीवाल्याकडून काढलेले कर्ज कोणत्या चौकटीत बसते?

चाचांचे पैसे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खात्यात जमा झाले. पूर्ण २ लाख ४० हजार. त्यांनी आधी रुईवाल्याचे चुकते केले आणि मग आम्हाला फोन केला. दुसऱ्या एका वसतिगृहातून शंभर गाद्यांची विचारणा आली आहे, असे ते म्हणाले.

"मग काय म्हणालात?" आम्ही विचारले.

"म्हणालो, साहेब, गाद्या आठ दिवसांत देतो. पण आधी ते वितरण का काय ते, त्याचा कागद दाखवा."